सुट्टी शिक्षकाची, चंगळ तिकीटवाल्यांची

"युरोपात शिकवतेस म्हणजे काय, सुट्ट्याच सुट्ट्या!" हे वाक्य पुन्हा कुणी ऐकवलं तर मी फोन आपटणार आहे. हो, आहेत सुट्ट्या. फ्रान्समध्ये एप्रिलच्या सुमारास शाळांना दोन आठवडे वसंताची सुट्टी मिळते. पण तिच्या तारखा अख्ख्या देशाला आधीपासून पाठ असतात, आणि तिकीट विकणाऱ्यांना तर जरा जास्तच. ऑफिसातला माणूस मार्चमधला एखादा मंगळवार-बुधवार रजा टाकतो आणि स्वस्तात फिरून येतो. मी वर्ग सोडून रजा मागितली तर मुख्याध्यापिका माझ्याकडे कशा बघतील ते मला इथे बसून दिसतंय. आमची सुट्टी तारखेला बांधलेली, आणि नेमक्या त्याच तारखांचा भाव आभाळाला भिडलेला.

गर्दी होऊ नये म्हणून म्हणे देशाचे तीन झोन केलेत. आमचं ल्यों शहर ए झोनमध्ये, मार्सेय बीमध्ये, पॅरिस सीमध्ये. सुट्ट्या एकेक आठवडा पुढे-मागे. कागदावर काय छान दिसतं! २०२५ मध्ये बी झोनला ५ एप्रिलला सुट्टी लागली, सीला १२ला, आम्हाला १९ला. बीच्या शाळा पुन्हा उघडणार होत्या २२ला. म्हणजे १९ ते २१ एप्रिल तिन्ही झोन एकदम मोकळे. त्यात २० तारखेला ईस्टर, २१ला ईस्टरच्या सोमवारची सरकारी सुट्टी. गर्दी टाळायची योजना ती हीच बरं का! हे कॅलेंडर आखणाऱ्याला त्या शनिवारी बॅग घेऊन ल्योंच्या पार-द्यू स्टेशनात उभं करायला हवं होतं.

वेगवान गाड्यांचं भाडं सीटा भरत जातील तसं चढतं. सकाळी पाहिलेला आकडा चहा पिऊन होईपर्यंत बदललेला. दिवाळीत पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सवाल्यांना आपण शिव्या घालतो, पण त्यांच्यावर निदान एसटीच्या दीडपट भाड्याची मर्यादा तरी आहे, मग ती पाळोत न पाळोत. इथली लूट मात्र गोड रंगांच्या अ‍ॅपमधून होते, त्यामुळे तिला कुणी लूट म्हणत नाही.

मग उरतं काय? एका दिवसात जाऊन येण्यासारखी गावं. प्रादेशिक गाड्यांचं भाडं ठरलेलं असतं, त्यामुळे माझ्यासारखे सगळे कडके त्याच गाडीत. तळ्याकाठचं आन्सी दोन तासांवर, आणि ते दोन तास दारापाशी उभ्याने. पोचल्यावर तळं दिसतं, नाही असं नाही, पण आधी लोकांच्या पाठी दिसतात. नदीच्या मधोमध तो जुना दगडी वाडा आहे ना, त्याचा फोटो काढायला पुलावर रांग! टेकडीवरच्या पेरूज या जुन्या गावाला जावं तर स्टेशनापासून चढण चढून वर पोचेपर्यंत दोन वाजून गेलेले, आणि दोननंतर जेवण देणार नाहीत. का, तर किचन बंद. टेबलं रिकामी, शेफ दारात सिगरेट ओढतोय, आणि मी साखरेची गॅलेट, म्हणजे चपटी गोड पोळी, चघळत गावाच्या भिंतीवर बसलेय. पॅरिसला जावं तर ओर्से संग्रहालय सोमवारी बंद, लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, हे वेगळंच पाठ करायचं.

खरा संताप येतो तो इटलीतल्या तोरिनोहून बसने परतताना. शेंगेनमध्ये, म्हणजे एकमेकांच्या सीमेवर तपासणी न करायचं ठरवलेल्या युरोपीय देशांत, सीमा नाही असं आपण ऐकलेलं असतं. फ्रान्सने २०१५च्या नोव्हेंबरात तपासणी पुन्हा सुरू केली आणि दर सहा महिन्यांनी मुदत वाढवत नेली. बोगदा ओलांडला की बस थांबते, पोलिस चढतात. सरसकट सगळ्यांची कागदपत्रं बघितली असती तर मी एक शब्द काढला नसता. पण शेजारची इटालियन आजी झोपेतून उठतसुद्धा नाही, आणि माझा पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, शाळेचं पत्र, सगळं उलटंपालटं करून बघतात. "फ्रान्समध्ये काय करता?" तुमच्या मुलांना इंग्रजी शिकवते हो! मागच्या रांगेतला कॉलेजचा पोरगा मान वळवून बघत असतो, ते वेगळंच.

आणि लंडन! स्टाफरूममधले लोक "वीकेंडला लंडनला जाऊन ये की" असं म्हणतात जणू ठाण्याहून दादरला जायचंय. शेंगेनची कागदं तिथे चालत नाहीत. भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो: लांबलचक अर्ज, बोटांचे ठसे, बँकेची स्टेटमेंटं आणि शंभरावर पौंड. २०२५च्या एप्रिलपासून युरोपियन लोकांनाही फोनवरून ईटीए, म्हणजे प्रवासाआधीची ऑनलाइन परवानगी, काढावा लागतो, तर त्यावरून आमच्याकडे केवढा गहजब! "हा अपमान आहे," असं एका सहकाऱ्याने मला गंभीरपणे ऐकवलं. मी कॉफीत साखर ढवळत राहिले. दुसरं काय करणार?

वर सल्ला ठरलेला: "तीन महिने आधी बुक करायचं ना." जानेवारीत? जानेवारीत घरभाडं, विजेचं बिल आणि दिवाळीला घरी जाऊन आलेल्या विमानाचा हप्ता भरून माझ्या खात्यात जे उरतं त्यात आन्सीचं एकमार्गी तिकीट येतं. परतीचं तुम्ही काढून द्या, मग खुशाल सल्ले द्या.