घरच्यांच्या मेलला एआयने उत्तर द्यावं का?

वृद्धाश्रमात काम करणाऱ्या आम्हा लोकांत सध्या हा विषय सारखा निघतो. घरच्यांचे मेल एवढे येतात, तर चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून उत्तरं लिहून घ्यायला काय हरकत आहे? माझं मत असं: फीच्या पावतीपासून भेटीच्या वेळांपर्यंतचं सगळं खुशाल लिहून घ्या. पण आई जेवली का, रात्री झोपली का, पडली तर कशी पडली, ही खबर ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्याच शब्दांत गेली पाहिजे.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आमच्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांची मुलं बहुतेक मुंबई-ठाण्याला, काहींची दुबईत नाहीतर कॅनडात. गावातलं घर बंद. पूर्वी चाकरमानी मनीऑर्डरीच्या कुपनावर चार ओळी खरडायचा, आता रात्रीची जेवणं आटोपली की मेल सुरू होतात. एकाच आईबद्दल तीन भावंडं वेगवेगळं विचारतात, सून इंग्रजीत लिहिते. ऑफिसातली मुलगी मराठी माध्यमात शिकलेली, इंग्रजी मेल उघडला की तिच्या पोटात गोळा येतो. तिला या साधनाने मोठा आधार दिलाय. तो काढून घ्या असं कोणी म्हणालं तर मी तिच्या बाजूने उभी राहीन.

अडचण पुढे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून ही साधनं अस्खलित लिहितात, पण ती लिहितात कशी हे समजून घ्या. आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज घेत ती पुढे जातात. खोलीत काय घडलं ते त्यांना माहीत नसतं. ‘आजी बाथरूममध्ये पडल्या, डॉक्टर बघून गेले, घरच्यांना कळवायचंय’ एवढं टाकलं की मेल तयार होतो: ‘त्या आता आरामात आहेत, आमचा प्रशिक्षित कर्मचारीवर्ग चोवीस तास त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे.’ हे कोणी सांगितलं? कोणीच नाही. अशा पत्रात असं वाक्य असतं, म्हणून ते आलं. रात्रपाळीला अख्ख्या मजल्यावर एकच मावशी असते, हे त्या मेलमध्ये कुठेच नसतं.

आणि ठाण्यातली मुलगी ते वाक्य खरं मानून ठरवते की आज रात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडून यायचं की रविवारपर्यंत थांबायचं.

पडल्याच्या मेलमध्ये तिला हवं असतं ते असं: किती वाजता पडल्या, कोणी पाहिलं की नंतर सापडल्या, डोकं आपटलं का, शुद्धीवर होत्या का, बीपी किती होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे तर पहिल्या ओळीत हवं. कारण ती चालू असताना डोक्याला मार बसला, तर वरून काही दिसत नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो आणि त्रास काही तासांनी, कधी काही दिवसांनीही कळतो. ओकारी, गुंगी, बोलण्यात फरक यावर कोण लक्ष ठेवणार, सीटी स्कॅनला न्यायचं ठरलं तर कुठे आणि कोणाबरोबर, हे लिहायला हवं. हे सगळं मावशीला आणि सिस्टरला माहीत असतं. त्यांना विचारून लिहिलेल्या सहा तुटक ओळी मला त्या गुळगुळीत मेलपेक्षा लाखमोलाच्या वाटतात. शुद्धलेखन चुकू दे.

तक्रारीच्या मेलचंही तेच. आईच्या पाठीला जखम दिसली, दर दोन तासांनी कूस बदलता का, असं मुलगा विचारतो. याला उत्तर ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो’ हे नाही. कूस बदलल्याच्या तक्त्याचा फोटो पाठवा. दुपारच्या रकान्यात सही नसेल तर ती नाही, असं लिहा. ती साच्यातली सांत्वनाची भाषा लोक दुसऱ्या मेललाच ओळखतात, आणि मग आमच्या खऱ्या शब्दावरही विश्वास ठेवत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला फार टोचते. आजींचं नाव, आजार, गोळ्यांची यादी, डिस्चार्ज कार्डाचा फोटो, सगळं या साधनांच्या मोफत खात्यात चिकटवलं जातं. अशा खात्यांवर सेटिंग बंद केली नाही तर तो मजकूर पुढची मॉडेलं शिकवायला वापरला जाऊ शकतो. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ साली मंजूर झाला, त्याचा गाभाच संमती हा आहे. आमच्याकडे संमती विचारायची तर मुलाला विचारतात. अरे, आजी शुद्धीत आहेत, त्यांना विचारा की! काय कळवायचं आणि काय नाही, याबद्दल त्यांचं ठाम मत असतं. ‘झिलाक सांगू नको, तो रजा काढून धावत येतलो,’ असं हात धरून सांगणाऱ्या कितीतरी आजी मी पाहिल्यात. कधी त्यांचं ऐकता येतं, कधी नाही, पण ते त्यांच्याशी बोलूनच ठरवावं लागतं.

वेळ नसतो हे मला मान्य आहे. मीही त्याच खुर्चीत बसते. पण वेळ खाणारे मेल बघा: पावत्या, आधारची प्रत, गणपतीत घरी कधी नेऊ, फी कोणत्या खात्यावर भरू. ती उत्तरं मशीनला द्या आणि वाचलेला वेळ मावशीजवळ बसून तिचं ऐकायला वापरा. मृत्यूची बातमी मात्र मेलने जाऊच नये, फोन करावा.

घरच्यांना एवढंच सांगते की ‘आई कशी आहे?’ असं मोघम विचारू नका. काल पेज घेतली का, मासे मागितले का, चालताना कोणाचा हात धरला, असं विचारा. उत्तरात यातलं काहीच आलं नाही तर सरळ फोन करा आणि ड्यूटीवरच्या मावशीला बोलवायला सांगा. आमच्याकडे चार वाजताचा चहा झाला की मावशी जरा मोकळ्या असतात, तेव्हा केलात तर निवांत बोलतील.