‘गुगल मॅप आहे की, मग डेटाबेस कशाला?’ या मेसेजला सांगलीतून उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्याकडे चार ग्रुपवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘पोस्टजीआयएस, स्पेशियल डेटाबेस असलं शिकण्यात सहा महिने घालवू नका. गुगल मॅप आहे. शेपफाइल उघडता आली की जीआयएस आलं. आपल्याकडे सरकार डेटा देतच नाही. क्वेरी आता एआय लिहून देतं. आणि सांगली-साताऱ्यात याचं काम तरी कुठे आहे?’

(जीआयएस म्हणजे जागा आणि तिची माहिती संगणकावर एकत्र हाताळणं. शेपफाइल हा त्यासाठीचा फाइलचा एक प्रकार, पोस्टजीआयएस हा जागेसकट माहिती साठवणारा म्हणजे स्पेशियल डेटाबेस, आणि क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न.) लिहिणाऱ्याला मुलांचा वेळ आणि पैसा वाचावा असंच वाटलं असेल. पण तो वाचून मिरजेच्या एका विद्यार्थिनीनं मला विचारलं, ‘मॅडम, मग मी हे उगाच करतेय का?’ तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या इतरांसाठी हे उत्तर.

पहिला मुद्दा गुगल मॅपचा. ऑगस्ट २०१९ आठवा. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. तेव्हा आमच्याकडे मदतीसाठी येणारं जवळपास प्रत्येक लोकेशन गुगल मॅपचंच होतं. पिन यायची, आम्ही वहीत उतरवायचो, बोटवाल्यांना कळवायचो. जागा बरोबर असायची. तरीही एका घरासाठी तीनदा निरोप गेला आणि त्याच्या मागच्या गल्लीतल्या घराकडे संध्याकाळपर्यंत कुणी पोचलं नाही. तीन पिना तीन नातेवाइकांनी पाठवलेल्या, थोड्या थोड्या अंतरावर पडलेल्या. त्या एकाच घराच्या आहेत हे वहीतून कळायला मार्ग नव्हता. ‘एकमेकांपासून ३० मीटरच्या आतले निरोप एकत्र धर, आणि जिथे अजून बोट गेली नाही ते वर आण’ हा प्रश्न गुगल मॅपला विचारता येत नाही. स्पेशियल डेटाबेसला येतो, मोजक्या ओळींत.

असं का, ते समजायला अवघड नाही. साध्या टेबलात घराच्या नोंदीपुढे नाव, मजले, माणसं असे रकाने असतात. स्पेशियल डेटाबेसमध्ये त्यांच्या शेजारी आणखी एक रकाना असतो आणि त्यात त्या घराचा आकार, त्याच्या जागेसकट, साठवलेला असतो. मग ‘कोणती घरं २०१९ च्या पूररेषेच्या आत येतात?’ हाही ‘कोणाची पट्टी थकली आहे?’ इतकाच सरळ प्रश्न होतो. लाखभर घरं असली तरी उत्तर चटकन येतं, कारण डेटाबेस प्रत्येक घराचा आकार तपासत बसत नाही. आधी प्रत्येक आकाराभोवतीची चौकट बघतो, चौकटी जिथे एकमेकींना भिडतात तेवढ्यांचाच आकार नीट तपासतो. चौकटींची ही उतरंड, म्हणजे आर-ट्री, अँटोनिन गटमन यांनी १९८४ मध्ये मांडली आणि पोस्टजीआयएस आजही त्याच धर्तीवर चालतं.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण हाच प्रश्न घाईनं विचारला तर उत्तर घातक ठरेल. आयर्विनला ४५ फूट म्हणजे हरिपुरातही पाणी त्याच उंचीवर, असं धरता येत नाही. वाहत्या पाण्याला उतार असतो, शिवाय हरिपूरला वारणा येऊन मिळते. आणि पुलावरच्या पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे हाती असल्याशिवाय ते फूट आणि जमिनीची उंची एकमेकांना लावताच येत नाही. हे सगळं शिकण्याचाच भाग आहे. त्याला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

दुसरा मुद्दा शेपफाइलचा. मी स्वतः तिथूनच सुरुवात केली, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही. पण तिच्या मर्यादा आपल्या भाषेला आणि आपल्या कामाला नेमक्या आडव्या येतात. रकान्याचं नाव दहा अक्षरांपुढे जात नाही. एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवली ते सांगणारी, वेगळी फाइल सोबत नसली की देवनागरी गावांची जागा चौकोन आणि प्रश्नचिन्हं घेतात. आणि चौघांनी चार पेनड्राइव्हवर नेलेल्या चार प्रतींतली खरी कोणती, हे आठवड्याभरानं कुणालाच सांगता येत नाही. डेटाबेसमध्ये प्रत एकच असते आणि चौघं तिच्यावर एकाच वेळी काम करतात. स्वतःलाच छेदणारा वेडावाकडा बांध आत घेऊ नकोस, असा नियमही तिला घालून देता येतो.

याहून मोठी गोष्ट गावांच्या नावांची. एकदा जिल्ह्याच्या पाणीटंचाईचा तक्ता मी गावांच्या हद्दींना नावावरून जोडला. नकाशा उघडला तर मध्ये मध्ये पांढरी भोकं. एका यादीत ‘कवठे महांकाळ’, दुसरीत ‘कवठेमहांकाळ’. डेटाबेसच्या लेखी ही दोन वेगळी गावं. ही चूक निदान दिसली तरी. बोरगावची चूक दिसलीही नसती: बोरगाव वाळवा तालुक्यात आहे आणि कवठे महांकाळ तालुक्यातही, आणि एकाचे टँकर दुसऱ्याच्या नावावर बिनबोभाट चढले होते. तेव्हापासून मी नावावरून जोडणी करत नाही. जनगणनेचा गावकोड किंवा केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला कोड लावते, आणि नाव फक्त वाचण्यासाठी ठेवते. शेपफाइल उघडता येणाऱ्या माणसाला हे आपोआप सुचत नाही. टेबलं, किल्ल्या (प्रत्येक नोंदीची न बदलणारी ओळख) आणि जोडण्या शिकल्यावरच सुचतं.

‘सरकार डेटा देतच नाही’ या तिसऱ्या मुद्द्यात तथ्य आहे. हेलपाटे मीही घातले आहेत. एका कार्यालयात माझ्या अर्जावर ‘नकाशा देता येत नाही’ एवढाच शेरा आला आणि त्याच भागाची प्रिंट बाहेर भिंतीवर लावलेली होती. पण ‘देतच नाही’ हे आज खरं नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशे आणि भूमाहिती तयार करण्यावरची परवान्यांची बरीचशी बंधनं उठवली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आलं. इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे खुल्या मालिकेतले नकाशे मिळतात. आपल्या गटाचा नकाशा महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो. ओपनस्ट्रीटमॅप हे लोकांनीच मिळून बनवलेलं नकाशाचं भांडार तर कुणीही उतरवून घ्यावं असंच आहे.

खरी अडचण मिळालेला डेटा एकमेकांशी न बोलण्याची आहे. गट तोच असतो. साखर कारखान्याचा चिटबॉय त्याच्यावरची ऊस लागण एका पद्धतीनं लिहितो, म्हैसाळ किंवा टेंभू सिंचन योजनेच्या पाण्याची आकारणी दुसऱ्या पद्धतीनं होते, सात-बारा तिसरंच काही सांगतो, आणि पोटहिस्सा पडला की तिघांची फारकत होते. स्पेशियल डेटा इन्फ्रास्ट्रक्चर हे जड नाव याच्यावरच्या उपायाचं आहे: प्रत्येक तुकड्याला सगळ्यांनी मानलेला एक क्रमांक, कोणाकडे काय आहे याची शोधता येणारी सूची, नकाशाच्या प्रत्येक थरासोबत (लेअरसोबत) तो कोणी, कधी, कशानं मोजला याची नोंद, आणि देवाणघेवाणीचे ठरलेले नियम. जमिनीच्या तुकड्याला भू-आधार क्रमांक देण्यामागेही हाच विचार आहे. देशपातळीवर राष्ट्रीय स्पेशियल डेटा इन्फ्रास्ट्रक्चरला २००६ मध्ये मंजुरी मिळाली. राज्यात नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून काम करतंय.

हे शिकलेला माणूस कार्यालयात जाऊन ‘नकाशा द्या’ एवढंच म्हणत नाही. इंटरनेटवरून नकाशा देणाऱ्या सेवांपैकी डब्ल्यूएमएसमधून फक्त चित्र येतं आणि डब्ल्यूएफएसमधून प्रत्यक्ष आकार आणि रकाने येतात, हे त्याला माहीत असतं. म्हणून तो नेमकं हवं ते मागतो. माझा अनुभव असा, की नेमकं मागितलं की मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

आता एआय. क्वेरी ते लिहितं, चांगली लिहितं, मीही लिहून घेते. पण काही चुकांवर डेटाबेस हूं का चूं करत नाही. अक्षांश-रेखांशांत ठेवलेल्या एका एकराचं क्षेत्रफळ विचारा, उत्तर ०.००००००३४ असं काहीसं येईल. ते चौरस अंशांत असतं, आणि आपल्याला हवे असतात ४० गुंठे. सांगली-साताऱ्यासाठी तोच आकार यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात नेला की उत्तर चौरस मीटरमध्ये येतं, तरी सांगलीच्या आसपास एकरामागे सुमारे ३ चौरस मीटर कमी भरतं, कारण त्या प्रक्षेपणात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीत, मधल्या रेखांशाजवळची मापं मुद्दाम किंचित आखडलेली असतात. पोस्टजीआयएसच्या ‘जिओग्राफी’ प्रकारात, म्हणजे पृथ्वीची गोलाई धरून, मोजलं तर तेही निघून जातं. बांधावरून भाऊ-भाऊ कोर्टात जातात तिथे हे ३ चौरस मीटर कुठे गेले, ते सांगता आलं पाहिजे.

किंवा बिंदू तयार करताना क्रम चुकवून बघा. पोस्टजीआयएसला आधी रेखांश लागतो, मग अक्षांश. उलटं केलंत तर सांगली थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. क्वेरी चालते, एररही येत नाही. नदीभोवतीचा ५०० मीटरचा पट्टा मागताना तुमचा डेटा अंशांत असेल तर तो ५०० अंशांचा होतो. उत्तर चुकलंय हे ओळखणारं माणूस खुर्चीत लागतं, आणि ते ओळखणं शिकल्याशिवाय येत नाही.

पैशाचा प्रश्न एका वाक्यात संपतो: पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस, त्याला जोडलं जाणारं, २००१ मध्ये आलेलं पोस्टजीआयएस आणि नकाशा दाखवणारं क्यूजीआयएस तिन्ही फुकट आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात.

राहिला ‘इथे काम कुठे आहे’ हा प्रश्न. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडींनी माणसं गाडली. त्याच साताऱ्यात माण-खटाव पाण्यासाठी ताटकळतात, इकडे जत-आटपाडीचीही तीच गत. एका बाजूला कोयनेचं १०५ टीएमसीचं धरण आणि दुसऱ्या बाजूला टँकरच्या रांगा, असा हा प्रदेश आहे. इथे काम नाही म्हणणाऱ्यानं जाहिराती पाहिल्या असतील, गावं पाहिलेली नाहीत. सगळ्यांना लगेच चांगल्या पगाराची नोकरी मिळेल असं आश्वासन मी देणार नाही. पण हे काम कुणीतरी करायलाच हवं, आणि पुण्यात बसून बोरगाव कोणतं ते कळत नाही.

मिरजेच्या त्या मुलीला मी एक काम दिलं आहे, तुम्हीही करा. सांगलीत कितीतरी भिंतींवर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा आहेत. दर दिवाळीच्या रंगकामात त्यातल्या काही पुसल्या जातात. फोन आणि मोजपट्टी घेऊन एक गल्ली धरा. प्रत्येक खुणेची जागा, वर्ष, जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये. पोस्टजीआयएसमध्ये एक टेबल करून सगळं त्यात भरा. मोजल्याची तारीख आणि खूण कोणी दाखवली हे दोन रकाने मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि आधी जिथली म्हातारी माणसं अजून त्याच घरात राहतात त्या गल्लीत जा.