फिनालेनंतर स्वतःवर अन्याय कसा करून घ्यावा

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री सूत्रसंचालक रितेश देशमुखने विजेता म्हणून सूरज चव्हाणचं नाव पुकारलं आणि ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन संपला, असं ज्यांना वाटलं ते कच्चे प्रेक्षक. पक्का प्रेक्षक त्या क्षणी पाय वर घेऊन, मोबाईल चार्जिंगला लावून सरसावून बसला. आधीचे सत्तर दिवस नुसती रंगीत तालीम होती. खरा खेळ निकालानंतर सुरू होतो आणि त्यात घराबाहेर काढायला कोणी नसतं.

तुम्हालाही या खेळात उतरायचं असेल तर तयारी आधीपासून हवी. सर्वात आधी आपला माणूस ठरवून टाका. त्यासाठी खेळ बघत बसू नका, उगाच मत बदलायची भीती असते. गाव बघा. त्या वर्षी अंतिम सहामध्ये धनंजय पोवार इचलकरंजीचे होते, म्हणजे अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्याचा प्रश्न मिटला. अंकिता वालावलकर मालवणची, म्हणजे कोकणासकट डोंबिवली-विरारचे सगळे चाकरमानी तिकडे. सूरज बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा. निक्की तांबोळी संभाजीनगरची, अभिजीत सावंत मुंबईचा. आपल्या जिल्ह्याचं कोणीच नसेल तर मामाचा जिल्हा चालतो. मामाही कामाचा नसेल तर ज्या स्टँडवर एकदा एसटी बदलली होती ते गाव धरावं. एकदा गाव ठरलं की तो माणूस घरात दिवसभर पांघरूण घेऊन झोपला तरी त्याला ‘शांत डोक्याने खेळणारा’ म्हणायचं, आणि समोरचा तसाच झोपला तर ‘फुकटचा’.

सहावी जान्हवी किल्लेकर. तिने फिनालेत खेळ सोडण्याच्या बदल्यात मिळणारी नऊ लाखांची बॅग उचलली आणि ती सरळ बाहेर पडली. विजेत्याला १४ लाख ६० हजार मिळणार होते, ते एकालाच. सहा जणांत हिशेब येणारी ती एकटीच निघाली, त्यामुळे तिच्यावर अन्याय झाला असं म्हणायला जागाच राहिली नाही. असे स्पर्धक चाहत्यांच्या काही उपयोगाचे नसतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

आता मतदान. मत ॲपवरून द्यायचं, तेही फुकट. पण फुकट म्हणजे सोपं असं समजू नका. घरातले सगळे मोबाईल एका ताटलीत गोळा करावे लागतात. प्रत्येकाचा नंबर टाकायचा, ओटीपी येईपर्यंत तो फोन हातात धरून उभं राहायचं, ओटीपी आला की नेमका त्याच फोनचा चष्मा सापडत नाही. आजोबा ‘बँकेने सांगितलंय ओटीपी कुणाला द्यायचा नाही’ म्हणून फोन छातीशी धरून बसतात, आणि फार लाडीगोडी लावल्यावर कळतं की त्यांना निक्कीला मत द्यायचं होतं. कामाला येणाऱ्या मावशींचाही फोन घ्या. त्यांनी आपलं मत सकाळीच तिसऱ्याच कोणाला दिलेलं निघेल. त्यावर ‘तुम्हाला यातलं कळत नाही’ असं म्हणू नका, उद्या भांडी तुम्हालाच घासावी लागतील. अशी आठ-दहा मतं जमली की आपण ‘लाखो चाहत्यांच्या वतीने’ बोलायला मोकळे.

निकालाच्या रात्री दोन पोस्टी तयार ठेवा. एक: ‘शेवटी जनतेचा कौल! लोकशाही जिवंत आहे!!’ दुसरी: ‘सगळं आधीच ठरलेलं होतं, आम्हाला मूर्ख समजता का?’ नाव पुकारलं की यातली एक टाकायची आणि दुसरी जपून ठेवायची, पुढच्या वर्षी लागते. दोन्ही पोस्टींची पद्धत एकच आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ज्याच्या लक्षात यायला हवं तोही आपली दुसरी पोस्ट शोधण्यात गुंतलेला असतो.

त्या रात्री ‘ठरलेलं होतं’वाल्यांची दिवाळी झाली. कारण त्याच मंचावर दिग्दर्शक केदार शिंदे यांनी सूरजला घेऊन सिनेमा जाहीर केला, आणि केदार शिंदे तेव्हा वाहिनीच्या कार्यक्रमांचे प्रमुख होते. झालं! मतं मोजण्याआधी कथा लिहिली, पटकथा लिहिली, बहुतेक गाणीही झाली होती, असा शोध अर्ध्या तासात लागला. आता दोन महिने ज्याच्यावर महाराष्ट्राचा टीव्ही चालला त्याला घेऊन सिनेमा काढावा असं कोणाही निर्मात्याला वाटेल, त्याला ट्रॉफी मिळो न मिळो. पण असा विचार करू नका. विचार केला की पोस्ट लांबते, आणि लांब पोस्ट कोणी वाचत नाही.

हरलेल्या बाजूला असाल तर सूरजबद्दल बोलायची एक ठरावीक पद्धत आहे. आधी ‘पोरगा साधा आहे, त्याच्याबद्दल काही नाही’ असं म्हणायचं. मग त्याच्याबद्दल सगळं म्हणायचं. टास्कमध्ये दिसला नाही, मुद्दा मांडता येत नाही, वाचता येत नाही, नुसतं ते त्याचं पालुपद, ‘झापुक झुपूक’. लहानपणी आईवडील गेले, शाळा सुटली, हे सगळं मान्य, पण ट्रॉफी म्हणजे अनुदान आहे का? ‘सिम्पथी कार्ड’ हा शब्द इथे टाकावाच लागतो. बोलताना चेहऱ्यावर थोडी करुणा ठेवा. गरिबीबद्दल आपल्याला आस्था आहे, ती फक्त आपल्या स्पर्धकाच्या पुढे जाऊ नये एवढंच.

जिंकलेल्या बाजूची जबाबदारी याहून मोठी आहे. ‘गरिबाचं पोरगं जिंकलं’ असं लिहिताना डोळे भरून आले पाहिजेत. टिकटॉक २०२० मध्ये बंद होईपर्यंत याच पोराचे व्हिडिओ आपण एकमेकांना कशासाठी पाठवत होतो, त्याचं ‘गुलीगत धोका’ ऐकून कशाला फिदीफिदी हसत होतो, हे त्या रात्री आठवू नये. कुणी आठवण करून दिलीच तर त्याला शहरी, माजोरडा आणि मराठी मातीशी नाळ तुटलेला ठरवावं. तो तुमच्याच सोसायटीत दोन मजले खाली राहत असला तरी हरकत नाही.

उपविजेत्या अभिजीत सावंतच्या चाहत्यांसाठी वेगळी सूचना. तुम्ही ‘लोकांना मत द्यायची अक्कल नाही, पब्लिक व्होटिंग बंद करा’ असं लिहिणार असाल तर मार्च २००५ आठवू नका. तेव्हा ‘इंडियन आयडॉल’चा पहिला विजेता याच अक्कल नसलेल्या पब्लिकने एसएमएस करून निवडला होता, आणि त्याचं नाव अभिजीत सावंत होतं. त्या वेळी एकेका एसएमएसला पैसे पडायचे, तरी लोकांनी ते पाठवले. तेव्हा आईच्या मोबाईलचा बॅलन्स ज्यांनी संपवला ते आज पस्तीशी-चाळिशीत आहेत आणि मतदानाच्या फोलपणावर तळमळून बोलतात.

इथे, अगदी बारीक आवाजात, एक खरा मुद्दा आहे. कोणाला किती मतं पडली हे वाहिनी सांगत नाही. ना पाचव्या सीझनला सांगितलं, ना त्याआधी मेघा धाडे, शिव ठाकरे, विशाल निकम, अक्षय केळकर जिंकले तेव्हा. ग्रामपंचायतीला वॉर्डातल्या हरलेल्या उमेदवाराची मतं फळ्यावर लागतात. इथे अख्खा महाराष्ट्र मत देतो आणि हातात येतो फक्त एक वर गेलेला हात. सरळ विचारता येईल: आकडे दाखवा. पण हा प्रश्न तुम्ही चुकूनही विचारू नका. समजा दाखवले आकडे, आणि आपला माणूस खरंच मोठ्या फरकाने मागे निघाला तर? पुढचे सहा महिने काय करणार? आकडे झाकलेले आहेत म्हणूनच तर प्रत्येकाचा माणूस ‘खरा विजेता’ आहे. वाहिनीने सगळ्यांना एकेक ट्रॉफी घरपोच दिली आहे असं समजा आणि गप्प राहा. म्हणजे आकड्यांबाबत गप्प. बाकी ओरडत राहा.

सीझन नेहमी शंभर दिवसांच्या आसपास चालतो, त्या वर्षी सत्तरातच का गुंडाळला, हेही विचारायचं नाही. २८ जुलैला सुरू झालेलं घर ६ ऑक्टोबरला बंद झालं आणि त्याच ६ ऑक्टोबरला सलमान खानचा हिंदी सीझन सुरू झाला, यात दोन तारखा एकाखाली एक लिहिण्यापलीकडे कष्ट नाहीत. पण त्यात ना आपला गाववाला आहे, ना कुणाचं रडणं. अशा कोरड्या गोष्टींवर संताप वाया घालवू नये. संताप सूत्रसंचालकावर काढावा. तो मतं मोजत नाही, भाग कापत नाही, पण समोर दिसतो. आधीचे सूत्रसंचालक महेश मांजरेकर आठवड्याअखेरच्या ‘चावडी’वर स्पर्धकांवर ओरडायचे तेव्हा ‘किती ओरडतात’ म्हणायचं, रितेश त्याच जागी आलेल्या ‘भाऊच्या धक्क्या’वर समजावून बोलला की ‘मांजरेकर हवे होते’ म्हणायचं. पुढे कोणी आलं की रितेशची आठवण काढता येईल.

तसंच संस्कृतीचं. ‘असले कार्यक्रम आपल्या मराठी संस्कृतीला शोभत नाहीत’ हे म्हणणाऱ्या काकांना प्रत्येक भांडणाचा दिवस, कारण आणि त्यात कोणी कोणाला काय म्हटलं हे तोंडपाठ असतं. मी तर येता-जाता बघतो, असं ते सांगतात. रात्री नऊला त्यांची ये-जा नेमकी टीव्हीसमोर का असते ते विचारू नका. हा खेळ मुळात १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये जन्मला हे मात्र त्यांना अवश्य सांगा. त्यांना फार आनंद होतो.

ज्यांना मराठी सीझनमध्ये पुरेसा अन्याय मिळत नाही त्यांनी हिंदीकडे वळावं. तिथे भूगोलाचाही आधार घेता येतो. १२ फेब्रुवारी २०२३ ला ‘बिग बॉस १६’च्या मंचावर शेवटी दोघंच उरले: अमरावतीचा शिव ठाकरे आणि पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन. म्हणजे ट्रॉफी कुठेही गेली तरी महाराष्ट्रातच येणार होती. अशा वेळी अन्याय काढून दाखवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. पण आपल्या लोकांनी काढला. स्टॅन जिंकला आणि हिंदीवाल्यांनी मराठी माणसाला डावललं अशी हाकाटी सुरू झाली. त्या एका रात्रीपुरतं पुणे महाराष्ट्रात नव्हतं. (अमरावतीकर म्हणतील, पुणं तसंही स्वतःला कुठे कोणात धरतं. तो वेगळा विषय आहे.)

हरलेल्या स्पर्धकाच्या पोस्टखाली काय लिहावं, हे शेवटचं कौशल्य. ‘ट्रॉफी नाही, पण मनं जिंकलीस’ हे वाक्य जसंच्या तसं चालतं. त्यात कोणाचंही नाव बसतं. स्पर्धक विजेत्याला मिठी मारलेला फोटो टाकेल, खाली ‘भावा, अभिमान आहे तुझा’ लिहील. बिचाऱ्याला काय कळतं! त्याला समजावून सांगा की तो दुःखी आहे. त्याने ‘मी मजेत आहे, कामाला लागलोय’ असं उत्तर दिलं तर तो दबावाखाली बोलतोय. तो खरंच मजेत आणि कामाला लागलेला दिसला, तर मात्र त्याला अनफॉलो करा. ज्याच्यासाठी आपण सख्ख्या मावसभावाशी बोलणं टाकलं त्याने इतक्या लवकर सावरणं हा विश्वासघात आहे.

मग मंचावर जाहीर झालेला तो सिनेमा खरोखर येतो. सूरजचा २५ एप्रिल २०२५ ला आला. इथे जिंकलेल्या बाजूने जरा जपून राहावं, कारण मत फुकट असतं, तिकीट नसतं. ‘आपल्या पोराचा सिनेमा, थिएटर हाउसफुल्ल झालं पाहिजे’ असं सर्वांना सांगावं, पोस्टर स्टेटसला ठेवावं आणि त्या शनिवारी गावी लग्न काढावं. हरलेल्या बाजूनेही जाऊ नये. सिनेमा कसा आहे हे त्यांना माहीतच असतं. सहा महिन्यांपूर्वी एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करणारे दोन्ही गट निदान या एका बाबतीत एकमताने घरी बसतात. कोणी खोदून विचारलंच, ‘काय हो, बघितला का?’, तर सांगा, टीव्हीवर लागला की बघू. आणि लगेच विषय बदला: पुढच्या सीझनला आपल्या तालुक्यातलं कोणी जातंय का म्हणे?