वेगळं सॉफ्टवेअर कशाला?
लॅपटॉपवर कोणतं ॲप किती इंटरनेट डेटा खातं हे बघायला मी वाचलेल्या एका लेखात वेगळं सॉफ्टवेअर सुचवलंय, पण विंडोज ११ मध्ये ती सोय आधीपासूनच आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, तिथे डेटा युसेज. मागच्या ३० दिवसांचा ॲपनिहाय हिशेब मिळतो.

आम्ही सिडकोत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो. रोजचे २ जीबी दुपारीच संपायचे आणि मी लेकीच्या व्हिडिओंवर ओरडायचे. यादी उघडली तर सगळ्यात वर फोटो क्लाउडवर चढवणारं ॲप! नाशिकरोडच्या लग्नाचे व्हिडिओ गुपचूप वर जात होते. लेकीची माफी मागितली, खूप वाईट वाटलं.

हॉटस्पॉट असेल तर 'मीटर्ड कनेक्शन' (डेटा मोजकाच आहे असं विंडोजला सांगणारी सेटिंग) चालू कराच, विंडोजचे बरेचसे अपडेट थांबतात. आणि या क्षणी कोण डेटा ओढतंय ते विंडोजमधल्याच रिसोर्स मॉनिटर या टूलच्या नेटवर्क टॅबमध्ये दिसतं.