एमएस ६५ म्हणजे कायमचं ६५?

पुण्यातल्या नाणी जमवणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश फिरतोय: "स्लॅबमधल्या नाण्याची प्रतवारी यंत्र करतं. एकदा मिळालेला आकडा कायमचा. साफ केलेलं नाणं स्लॅबमध्ये जाऊच शकत नाही. तेव्हा नाणं बघत बसू नका, आकडा बघून घ्या." (स्लॅब म्हणजे प्रतवारी करणारी कंपनी नाणं सीलबंद करते ती प्लास्टिकची डबी; तिच्या लेबलवर नाण्याच्या स्थितीचा आकडा असतो. 'एमएस', म्हणजे मिंट स्टेट, हे न वापरलेल्या नाण्याचं चिन्ह.) रविवारी जुन्या बाजारात एका कॉलेजच्या मुलाने मला तो मोबाइलवर दाखवला. पाचव्या जॉर्जचा रुपया घ्यायला तो साठवलेले पैसे घेऊन आला होता. या संदेशातलं एकही विधान खरं नाही.

आधी यंत्राचं बघू. पीसीजीएस या अमेरिकेतल्या प्रतवारी करणाऱ्या कंपनीने १९९०च्या सुमारास संगणकाकडून प्रतवारी करून घ्यायचा प्रयत्न केला, तो टिकला नाही. आकडा अजूनही नाणं दिव्याखाली तिरकं फिरवणाऱ्या माणसांच्या नजरेतूनच येतो. आपली प्रतवारी वस्तुनिष्ठ आणि सातत्यपूर्ण असल्याच्या याच कंपनीच्या दाव्याला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० मध्ये हरकत घेतली होती आणि प्रकरण तडजोडीने मिटलं.

आता 'कायमचा आकडा'. खरी दिशाभूल इथे आहे. १ ते ७० ही पट्टी विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये मांडली, तीही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. तिच्यातला आकडा किमतीची पट सांगत असे: ७०चं नाणं १च्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचं. सत्तरच्या दशकात अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने ती सगळ्या नाण्यांना लावली, तेव्हा न वापरलेल्या नाण्यांसाठी सुरुवातीला ६०, ६५ आणि ७० एवढ्या तीनच पायऱ्या होत्या. पुढे त्या अकरा झाल्या. तीन खुणांच्या पट्टीवरचं ६५ आणि अकरा खुणांच्या पट्टीवरचं ६५ एकच कसं असेल?

शिवाय नजरही बदलत गेली. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला निकष कडक झाले, तेव्हा आधी ६५ ठरलेली नाणी पुन्हा तपासायला गेल्यावर ६३ होऊन परत येऊ लागली. नंतर वारं उलटं फिरलं. उंचवट्यांवर हलकी झीज असलेली जुनी सोन्याची नाणी पूर्वी ५८ला, म्हणजे वापरलेल्या नाण्यांत, थांबायची, तीच पुढे ६१-६२ची, म्हणजे न वापरलेली, होऊ लागली. यामागे एक साधा हिशेबही आहे. स्लॅब फोडून नाणं पुन्हा पाठवणारा माणूस आकडा वाढला की थांबतो, नाही वाढला तर परत पाठवतो. परीक्षकांची नजर तसूभरही हलली नाही, तरी बाजारात चढे आकडेच साठत जातात.

जाणकारांना हे ठाऊक आहे. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या, हलवल्यावर खुळखुळणाऱ्या स्लॅबना ते जास्त पैसे मोजतात, कारण त्या काळचा हात आखडता होता. २००७ मध्ये सीएसी ही फेरतपासणी करणारी कंपनी सुरू झाली तीच मुळी स्लॅबमधलं नाणं आपल्या आकड्याला पुरून उरतं का, हे तपासायला. पटलं तर स्लॅबवर हिरवं स्टिकर लागतं.

साफ केलेल्या नाण्यांबद्दल: पूर्वी ती आकडा न देता पिशवीत घालून परत केली जात. आता त्यांनाही स्लॅब मिळतो, फक्त लेबलवर आकड्याऐवजी 'डिटेल्स' लिहिलेलं असतं. आपल्याकडे चिंच, रिठा, रांगोळी लावून घासलेले चांदीचे रुपये इतके आहेत की लेबल पूर्ण वाचल्याशिवाय खिशात हात घालूच नये.

त्या मुलाच्या हातात मी भिंग दिलं. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर झीज आधी मिशीवर, कानावर आणि गळ्यातल्या साखळीवरच्या हत्तीवर दिसते. (१९११च्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती, पुढच्या वर्षी तो सुधारला.) त्याने निवडलेल्या रुपयाच्या लेबलवर न वापरलेल्या नाण्याचा आकडा होता, पण तिरक्या उजेडात हत्तीच्या पाठीवरची झळाळी तुटलेली दिसत होती. शेजारच्या ट्रेमधला, कुठलंच लेबल नसलेला रुपया त्याहून टवटवीत होता. मी त्याला दोन्ही एकाच उजेडात धरायला सांगितले.