स्टोवचा वाडा कोणी दान केला?

सध्या व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मजकूर सांगतो: इंग्लंडच्या ड्यूकने आपला स्टोवचा राजवाडा गरीब मुलांच्या शिक्षणासाठी दान केला, तिथे आज शाळा आहे आणि वाडा जसाच्या तसा आहे. शेवटी अर्थातच ‘नाहीतर आपले संस्थानिक!’ शाळा आहे एवढं खरं. बाकीचं बघू.

दान? बकिंगहॅमशायरमधल्या या वाड्याचे मालक, बकिंगहॅमचे दुसरे ड्यूक, दहा लाख पौंडांहून जास्त कर्जात बुडालेले होते. तरीही १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरिया मुक्कामाला आली तेव्हा बडदास्तीत काही कमी पडू दिलं नाही. ऋण काढून सण! तीनच वर्षांनी, १८४८ मध्ये, क्रिस्टीजने वाड्यातल्या सामानाचा लिलाव पुकारला. चित्रं, पुतळे, चांदी, चिनी मातीची भांडी... तब्बल ४० दिवस चालला. त्यांचा मुलगा, तिसरा ड्यूक, आपल्याला थोडा ओळखीचा: १८७५ ते १८८० मद्रासचा गव्हर्नर. चेन्नईचा बकिंगहॅम कालवा त्याच्याच नावाचा. १८८९ मध्ये तो वारला, मागे मुलगा नव्हता, आणि ड्यूकपदच संपलं. शाळा उघडली १९२३ मध्ये. दान द्यायला ड्यूक होता कुठे? वारसांनी १९२१ मध्ये वाडा विकायला काढला आणि मग शाळा काढणाऱ्यांनी तो रीतसर विकत घेतला.

गरीब मुलं? पहिल्या सत्रात आली ती ९९ मुलं, फी भरून बोर्डिंगात राहणारी. आजही ती महागड्या शाळांतच मोडते.

‘जसाच्या तसा’ हे तर सपशेल खोटं. दक्षिणेकडच्या पायऱ्यांवरचे शिशाचे दोन सिंह १९२१ च्या विक्रीत गेले, ते थेट इंग्लंडमधल्याच ब्लॅकपूल शहरातल्या स्टॅनली पार्कमध्ये. हल्लीच्या फोटोत वाड्यापुढे दिसतात त्या २०१३ मध्ये बसवलेल्या प्रतिकृती.

शाळेचं श्रेय मात्र मारू नये. त्या काळात इंग्लंडात असे कितीतरी वाडे विटा-दगडाच्या भावाने पाडले गेले. हा वाचला तो शाळेमुळे. तरी एवढा पसारा एकट्या शाळेला झेपला नाहीच. १९९० च्या सुमारास बागा नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू-बागा जपणाऱ्या संस्थेकडे गेल्या आणि १९९७ मध्ये वाड्याच्या डागडुजीसाठी वेगळा ट्रस्ट काढावा लागला.