फ्री, फुकट आणि विनामूल्य

लाडकी बहीण सुरू झाल्यापासून (जुलै २०२४, महिन्याला १५०० रुपये) आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय चाललाय, ह्या फ्रीच्या सवयीने देश बुडणार. आणि सगळ्यात मोठ्या आवाजात कोण बोलतं, तर आम्ही इंग्लंडवाले. म्हणजे ज्यांची पोरं सरकारी शाळेत पहिली तीन वर्षं फ्री जेवतात, बापाचा पगार कितीही असो, औषधं फ्री, दात फ्री, डोळे तपासणं फ्री, ते तिकडच्या बाईच्या पंधराशेवर लेक्चर देणार. एसटीत बायकांना अर्धं तिकीट म्हणजे रेवडी, आणि लंडनमध्ये साठीनंतर बस फ्री म्हणजे सुधारलेला समाज!

इंग्रजीतला हा फ्री फार लबाड आहे. फ्री आहेस का म्हणजे वेळ आहे का, फील फ्री म्हणजे संकोच करू नकोस, शुगर-फ्रीमध्ये साखर नाही पण किंमत बरेचदा जास्तच, ड्यूटी-फ्रीमधून तर खिसा रिकामा करूनच बाहेर पडायचं, फ्री हिटवर कॅच गेला तरी चालतं पण रनआउट व्हायचं ते होतंच. रिचर्ड स्टॉलमन ह्या प्रोग्रामरने १९८५ ला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, तेव्हापासून तो सांगतोय की ह्यातला फ्री मोकळीकीचा आहे, पैशांचा नाही. लोकांना अजून फुकटच ऐकू येतं.

(जाता जाता, फ्री आणि आपला संस्कृत प्रिय एकाच मुळातून आलेत. घरचा माणूस तो प्रिय, आणि जो घरचा तो गुलाम नाही, म्हणून फ्री. फुकटचा अर्थ फार उशिरा चिकटला. तेव्हा लाडकीला फ्री, ह्यात भाषावाल्यांना तरी नवल वाटू नये.)

आपल्याकडे ह्याच एका अर्थाला तीन शब्द आहेत आणि ते कोणाला वापरायचे हे बरोब्बर ठरलेलं असतं. गाण्याच्या कार्यक्रमाला प्रवेश विनामूल्य, सरकारी जाहिरातीत मोफत, आणि गरिबाला मिळालं की फुकट. माझा आक्षेप इथेच आहे. योजना चूक की बरोबर ह्यावर भांडा ना, इलेक्शनच्या चार महिने आधीच कशी सुचली, पैसा कुठून आणणार, हे सगळे रास्त प्रश्न आहेत. पण ती बाई काही भरत नाही हे खोटं आहे, साबणापासून मोबाईल रिचार्जपर्यंत जीएसटी तीपण भरते.

इथे एनएचएसबद्दल, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेबद्दल, बोलताना लोक नेमकं बोलतात, फ्री ॲट द पॉइंट ऑफ यूज. म्हणजे उपचाराच्या वेळी पैसे मागत नाहीत, आधी टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्समधून (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) घेतलेले असतात आणि पगाराच्या स्लिपवर ते दिसतातही. आम्हा व्हिसावाल्यांकडून वर हेल्थ सरचार्ज, बहुतेक मोठ्या माणसांना वर्षाला १०३५ पौंड, तोही व्हिसाच्या फॉर्मसोबत एकरकमी. बरं हे फ्रीही अखंड टिकलं नाही. ५ जुलै १९४८ ला सुरू झालं आणि १९५१ मध्येच कवळ्या नि चष्म्यांना पैसे लावायचं ठरलं, त्यावरून ज्याने हे उभं केलं त्या ॲनायरिन बेव्हननेच मंत्रिपद सोडलं. आज इंग्लंडमध्ये कमावत्या माणसाला एका औषधामागे ९.९० पौंड पडतात आणि स्कॉटलंडमध्ये शून्य, म्हणजे भांडण इथेही आहेच, फक्त घेणाऱ्याला कोणी फुकट्या म्हणत नाही. निदान आजारी माणसाला तरी नाही.

आणि आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आले नि ॲडमिट व्हायची वेळ आली तर हीच फ्री एनएचएस त्यांना दीडपट बिल लावते. इमर्जन्सीत तपासतात ते फ्री, वॉर्डात घेतलं की मीटर सुरू. तेव्हा ग्रुपवरच्या काका लोकांनो, उन्हाळ्यात येताय ना, ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा आधी, रेवडीचं नंतर बघू.